ताज्या रंगाचं घर

१२ मे
घर सापडलं. इथेच डुलुथमध्ये, टेकडीवर. जुनं आहे, पण बाहेरून रंग ताजा. भाड्याच्या तळघरातल्या ओलीतून सुटका. सिग्नेचा खोकला थांबणार, असा बायकोला, मार्लिसला शब्दच दिला. आपल्या मुलीसाठी माणूस एवढं करतोच.

१४ मे
एजंटबाई म्हणाली, भिंतींचं साइडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं आहे, पाणी लागलं की फुगतं. तपासून घ्या. पण गिऱ्हाइकं पुष्कळ, आधी तपासणी, मगच खरेदी ही अट सोडणाऱ्यालाच घर मिळेल, हेही तीच म्हणाली. मार्लिस म्हणाली, सोडू नकोस. मी इतकी वर्षं जुन्या गाड्या विकतोय. रंग फासून खपवलेला माल मला रस्त्यापलीकडून कळतो. अट सोडली.

३० जून
राहायला आलो. सिग्नेने उत्तरेची खोली घेतली, तिथून मोठ्या सरोवरातली जहाजं दिसतात. शेजारचे ऑर्विल हॉटडिश, आमच्याकडचा मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, घेऊन आले. बराच वेळ भिंत बघत होते. म्हणाले, वेगळंच आहे हं घर. आमच्या मिनेसोटात तोंडावर वाईट म्हणायचं नसलं की ‘वेगळं’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण त्यांना तसं म्हणायचं नसावं.

२१ जुलै
खालच्या फळ्यांच्या कडा जरा फुगल्यात. उन्हाळ्यात सगळंच फुगतं. दर शनिवारी एक भिंत, असा संकल्प. आज सगळ्या फटी सीलंटने गच्च बंद केल्या, अगदी खालच्यासुद्धा.

२२ जुलै
ऑर्विलनी कुंपणावरून विचारलं, खालची फट बुजवलीस, मग पाणी बाहेर कुठून पडणार? मी म्हटलं, आत गेलंच नाही तर बाहेर कशाला पडेल? म्हणाले, तसंही करता येतं म्हणा. आणि घरात गेले. पटलेलं दिसलं.

९ सप्टेंबर
मधले शनिवार कामावर गेले. आज जोरात पाणी मारणारा प्रेशर वॉशर भाड्याने आणून उत्तरेची भिंत धुतली. शेवाळ गेलं. फळीही गेली. आतलं लाकूड काळं, बोट सहज आत शिरलं. वर ताडपत्री ठोकली. हवा खेळायला उघडलंय, असं मार्लिसला सांगितलं.

६ ऑक्टोबर
सिग्ने रात्रभर खोकते. शाळा सुरू झाली की सगळ्याच मुलांना होतं. मार्लिसने तिचा पलंग सरकवला तर मागे भिंतीवर बुरशी, पलंगाएवढी. लाइल, तू शब्द दिला होतास, म्हणाली. मी म्हटलं, यावर खास रंग मिळतो. ती सिग्नेची गादी उचलून आमच्या खोलीत घेऊन गेली. मला भीती वाटली.

२७ ऑक्टोबर
ठेकेदार म्हणतो, सगळी भिंत उतरवायची, तीही बर्फ सरल्यावर. मार्लिसला सांगितलं, दोन शनिवारांचं काम आहे. तिने त्याला आधीच फोन केला होता. सिग्नेला घेऊन बहिणीकडे, इंगरकडे गेली. थोडा बदल हवाच होता तिला.

११ नोव्हेंबर
फोन सिग्नेने उचलला. शाळेचं, इंगरमावशीच्या मांजराचं, बरंच बोलली. एकदाही खोकली नाही. मी म्हटलं, या महिनाअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तुझी खोली तयार. तिने हळूच विचारलं, बाबा, हे मी आईला खरं म्हणून सांगू, की तू नुसतं म्हणतोयस?
नको सांगूस, म्हटलं.