दहापैकी आठ

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. पाया पडायला तू समोर नाहीस, तेव्हा कागदावरच वाकलोय असं समज. आशीर्वाद मनात येत नसेल तर निदान शिवी दे, पण काहीतरी दे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? चिमीला कुठलं कॉलेज मिळालं? (ही चौकशी रीत म्हणून करत नाहीये. सात महिन्यांत मला यातलं अक्षर कळलेलं नाही. तुझ्या लेकीने मोबाइलवरचा फोटो बदलला एवढं दिसलं, आणि त्यात ती वाळल्यासारखी वाटते. तिच्या खाण्याकडे बघा.) इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे, आणि माझ्या वतीनेही तीच सगळ्यांना तसं सांगते.

पत्र कागदावर का, हे तुला ठाऊकच आहे. माझा नंबर तू बंद करून टाकलास. मग मी तुझ्या भावजयीच्या फोनवरून प्रयत्न केला, तर तोही बंद केलास, आणि त्यावरून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग धरला. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप करून चिकटवलाय, म्हणजे अक्षर ओळखून तू ते न फोडता कपाटावर टाकणार नाहीस. काम तसं किरकोळ आहे. बाबांचा संग्रह एका जागी लावायला घेतलाय आणि त्यातले दोनशे अकरा ते दोनशे चाळीस एवढे क्रमांक माझ्याकडे सापडत नाहीत. ते तुझ्या फोनवर असणार. तेवढे पाठवून दे, बाकी माझं काही मागणं नाही.

कुठला संग्रह हे तुला सांगायला नको. पण पत्र आधी वहिनी वाचतील आणि त्यांना तू धड काही सांगितलं नसणार, म्हणून लिहितो. वहिनी, बाबा अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि चुकीच्या जागी लागलेला फोन हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद होता. कुणीतरी डॉक्टरांना फोन लावायचा, तो लागायचा चपलांच्या दुकानात, आणि दुकानदार बिचारा पायाला सूज आहे का वगैरे विचारायचा. बाबा मधे पडायचे नाहीत, ऐकत बसायचे. (नोकरी कशी टिकली देव जाणे.) यंत्र चुकलं की माणसात येतं, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना हे सुख मिळेना. मग मी या पडद्यांच्या धंद्यात पडलो, म्हणजे बसडेपो, लिफ्ट, कचेऱ्या, जिथे जिथे भिंतीवर अक्षरं पळतात तिथे ती अडखळली की मला बोलावतात. आमच्यात नियम आहे की हात लावण्याआधी बिघाडाचा फोटो काढायचा. नाहीतर दुरुस्ती झाल्यावर गिऱ्हाईक मान वर करून म्हणतं की मुळात काही बिघडलंच नव्हतं. असले पाचसहा फोटो मी एकदा घरी दाखवले आणि बाबांनी वही काढून त्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून आपण तिघं या नादाला लागलो. चार मजली इमारतीतली लिफ्ट स्वतः बत्तीस हजाराव्या मजल्यावर असल्याचं सांगत होती, तो क्रमांक एक. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर काम एकशे चौदा टक्के पूर्ण झालं होतं आणि उरलेला वेळ उणे सहा मिनिटं होता. 'काहीही चुकलेलं नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा' हा तू पाठवलेला. स्वच्छतागृहाच्या दारावरचं यंत्र 'आपला अनुभव जतन करण्यात आला आहे' म्हणालं, तो माझा. बाबांनी एकदा ज्येष्ठ नागरिकांचा फॉर्म भरायला घेतला, तर त्यातली जन्मवर्षांची यादी त्यांच्या सालापर्यंत पोहोचेचना, आणि शेवटी कॉम्प्युटरने 'आपला जन्म झालेला नाही, पुढे जायचे का?' असं विचारलं. बाबांनी 'रद्द करा' दाबलं आणि दोन दिवस घरभर सांगत फिरले की मी माझा जन्म रद्द केला, आता चहा कुणाला मागू. स्क्रीनशॉट काढणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. ते दुसऱ्याच्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचे, फ्लॅश टाकून, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक चुकीत त्यांची हनुवटी दिसते. प्रत्येकाला ते दहापैकी गुण द्यायचे. तुझे गुण सढळ हाताचे, त्यांचे कंजूष, आणि त्यावरून तुमचं फोनवर अर्धा अर्धा तास वाजायचं. दहा त्यांनी कुणालाच दिले नाहीत (आपल्याला शाळेतही कुठे दिले होते).

आता हॉस्पिटल. इथे तुला पत्र खाली ठेवावंसं वाटेल, पण ठेवू नकोस. तिथली यंत्रणा आमची नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती, आणि हे मी पहिल्याच दिवशी चारही मजल्यांवर सांगून ठेवलं होतं. नातेवाइकांनी मोबाइलवर एक ॲप घ्यायचं, त्यात आपला रुग्ण कुठल्या खाटेवर आहे, औषध झालं का, डॉक्टर येऊन गेले का, सगळं दिसतं. दिसतं कसलं. पहिल्या दिवशी बाबांचं वय एकशे एकोणनव्वद. दुसऱ्या दिवशी 'अभिनंदन, बाळ-बाळंतीण सुखरूप'. बाबा ऑक्सिजनच्या मास्कमध्ये इतके हसले की सिस्टर धावत आल्या आणि मला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी बाबा एकाच वेळी चौदा आणि पंधरा या दोन्ही खाटांवर होते, आणि पंधरावर प्रत्यक्षात झोपलेले ड्रायव्हिंग मास्तर फार चिडले, कारण त्यांना बाबांचं पथ्याचं जेवण आलं. मास्कमुळे बोलता येत नव्हतं, तेव्हा बाबा बोटांनी गुण द्यायचे. बाळंतिणीला सात मिळाले. मी लगेच तुला कळवलं आणि तू नऊ दिलेस. तुला सुट्टी शनिवारी मिळणार होती, आणि बाबांना मी सांगितलं होतं की दादा येतोय, मग समोरासमोर भांडा.

मंगळवारी पावणेचारला सिस्टर म्हणाल्या की चादरी बदलायच्या आहेत, तुम्ही खाली थांबा. मी खालच्या हॉलमध्ये जाऊन बाकावर बसलो. चार वीसच्या सुमारास ॲप उघडलं, तर 'खाट क्रमांक १४ : रिकामी'. बाबांचं नाव यादीतून गायब. मला हसूच आलं. परवापर्यंत दोन खाटा अडवून बसलेला माणूस आज एकाही खाटेवर नाही. मी स्क्रीनशॉट काढला, क्रमांक टाकला (चारशे सात), आणि तुला पाठवला. खाली लिहिलं, 'आता तर बाबांना पुसूनच टाकलं. दहापैकी किती?' आणि तीन हसरे चेहरे.

तेवढ्यात सिस्टर मला शोधत खाली आल्या. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, बघा, आज काय दिवे लावलेत तुमच्या यंत्राने. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बाकावर पालथा ठेवला. मग माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. फोन बाकावर थरथरला तो मी ऐकला. वर जाऊन आल्यावर तुझा निरोप वाचला. तू लिहिलं होतंस, 'आठ. बाबांना दाखव, ते सहाच देतील.'

दादा, आठवडाभरात त्या यंत्रणेने एकच गोष्ट खरी सांगितली आणि ती मी चूक म्हणून पुढे पाठवली. अख्खी हयात पडदे तपासण्यात घालवतोय, एवढं कळू नये? मी तुला फोन करायला हवा होता. सात वेळा नंबर काढला. प्रत्येक वेळी तुझा तो आठ समोर यायचा आणि त्याच्याखाली काय लिहावं ते सुचायचं नाही. तासाभराने वहिनींनीच सहज चौकशीला हॉस्पिटलात फोन लावला आणि कुठल्यातरी काउंटरवरच्या बाईने त्यांना सांगितलं. मग तू आलास. सगळं आटपेपर्यंत तू एका टोकाला उभा होतास, मी दुसऱ्या, मधे सगळे नातेवाईक. सकाळी तू चहा न घेता निघून गेलास. तुझी भावजय म्हणते, दादांना तुमचा राग आलाय. मला तसं वाटत नाही. म्हणजे राग आहेच, असायलाच हवा, पण मला वाटतं तू हसलास हे तुला सहन होत नाहीये. मी दिसलो की तुला ते आठवणार, म्हणून मी दिसायलाच नको. हे मला कळतं, कारण आरशात बघताना माझं हेच होतं.

त्यानंतर माझी काय गत झाली ते ऐक आणि जमलं तर हस. कुठलाही पडदा काहीही म्हणाला तरी माझा आता विश्वास बसतो. मागच्या महिन्यात दात दुखत होता म्हणून दवाखान्यात गेलो, तर दारातल्या यंत्राने 'आपली भेट काल झाली आहे' असं सांगितलं. मी आभार मानून घरी आलो. गालाला सूज, ठणका असा की भिंतीवर डोकं आपटावं, आणि मी तुझ्या भावजयीला समजावतोय की काल झालीय म्हणे भेट. तिने कपाळावर हात मारून मला हाताला धरून परत नेलं. एका ऑफिसात लिफ्टवर 'ही लिफ्ट अस्तित्वात नाही' अशी अक्षरं होती. मला तीच दुरुस्त करायला बोलावलं होतं. मी नऊ मजले जिने चढून गेलो आणि वर जाऊन सांगितलं की तुमच्याकडे लिफ्ट नाही. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आमच्या कंपनीला फोन करून विचारलं की माणूस बरा आहे ना. बसडेपोत 'सर्व गाड्या पोहोचल्या आहेत' असं आलं तेव्हा तर मी फोटो काढायचा विसरून समोर उभाच राहिलो. फलाटावर शंभरएक माणसं सामान घेऊन खोळंबली होती. सगळ्या पोहोचल्या असतील तर बरंच आहे, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. कंट्रोलरने विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली. (त्यालाही माहीत होतं की फलाट नुकताच धुतला होता.)

घरात बाबांच्या खोलीत मी अजून काही हलवलेलं नाही. हॉस्पिटलातून परत आणलेली वही टेबलावर तशीच उघडी आहे. चारशे सहापर्यंत त्यांच्या अक्षरात आहे. चारशे सातची ओळ मी लिहिलेली नाही. तुझी भावजय म्हणते, ओळ लिहा नाहीतर वही मिटा, त्या खोलीतला पंखासुद्धा तुम्ही पुसू देत नाही. तिचं बरोबर आहे. पण वही मिटली की बाबा मिटले असं वाटतं, आणि लिहायचं म्हटलं तर गुणांच्या रकान्यात काय घालू?

असो. फार लांबलं. वहिनींना नमस्कार, चिमीला पोटभर खायला घालून मग आशीर्वाद. क्रमांकांचं तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. : क्रमांक दोनशे अकरा ते दोनशे चाळीस माझ्याकडेच आहेत. सगळेच आहेत, मोजून चारशे सात. पत्राला काहीतरी कामाचं निमित्त हवं म्हणून लिहिलं. तुला काही शोधायची गरज नाही.

दुसरा ता. क. : तू हसलास ते माझ्यामुळे. मी चूक म्हणून दाखवलं म्हणून तू हसलास. तुझ्याकडे ते यंत्र नव्हतं, मी होतो, आणि धाकट्या भावावर विश्वास ठेवलास यात तुझं काय चुकलं? हे मी कुठल्याही कागदावर लिहून द्यायला तयार आहे, हाच कागद ठेव हवं तर.

शेवटचा ता. क. : वहिनी, एवढं त्याचं त्याला वाचू द्या. दादा, हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं, तीन कागद फाडले, जमलं नाही. तुला ती बातमी एकदा माझ्याकडून थट्टेत मिळाली आणि एकदा काउंटरवरच्या परक्या बाईकडून. घरच्या माणसाने घरच्या माणसाला सांगावी तशी तुला ती कुणी सांगितलीच नाही. सात महिने उशीर झालाय, तरी मीच सांगतो. दादा, बाबा गेले. मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. त्रास फार झाला नाही असं सिस्टर म्हणाल्या. मी त्या वेळी जवळ नव्हतो, खाली होतो. मला एकट्याला हे झेपत नाहीये. तू निघून ये.