माझ्या वाट्याचं अर्धं

माय, आज संध्याकाळी मला मारियामातेवर पाच मिनिटं बोलायचं आहे आणि कागदावर अजून एक ओळ नाही. ऑक्टोबर संपत आला. जपमाळेचा महिना म्हणून रोज एकेका घरी प्रार्थना झाली, आज चर्चमध्ये शेवटची मिस्सा आहे आणि प्रवचन माझं. सिस्टरनं सकाळीच बजावलं, फादर, थोडक्यात आटपा, लोक सोयाबीन सोंगून दमून येतात, मागच्या रविवारी तुम्ही बोलत होता आणि मागची बाकं डुलक्या घेत होती. मी हसलो. सगळी उमर याच कामात गेली, मारियामातेवरचं प्रवचन म्हणजे माझ्या हातचा मळ, झोपेतून उठवलं तरी बोलेन. गेल्या आठवड्यापर्यंत तरी असं वाटत होतं. आता खिडकीबाहेर शेजारच्या वावरात थ्रेशर घुमतंय, भुसा उडून टेबलावर येतोय, आणि मी प्रवचन सोडून तुला लिहायला बसलो आहे. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, हेही मला ठाऊक आहे.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी बिशपांनी माझी बदली इथेच केली, मी वाढलो त्याच मिशनमध्ये. बोर्डिंग कधीच बंद पडलं. तुझ्या स्वयंपाकघरात आता मंडपाच्या खुर्च्या आणि बियाण्याची पोती ठेवतात. भिंत मात्र अजून काळी आहे. कितीही चुना मारला तरी धूर वर येतोच, असं रंगारी कुरकुरत होता, आणि मला उगाच बरं वाटलं. त्या भिंतीच्या पलीकडे आपली खोली. बाबा गेल्यावर सिस्टरांनी तुला बोर्डिंगच्या स्वयंपाकाचं काम दिलं आणि आपण दोघं तिथे राहायला आलो. मला बाबा आठवत नाहीत. मला आठवते ती तू, परातीपुढे बसलेली, पदर खोचलेला, कपाळावर पिठाचं बोट.

मी चुलीपुढे बसलो आहे. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या मोडून आत सारायचं काम माझं. बोर्डिंगच्या सगळ्या पोरांच्या भाकरी तुला थापायच्या आहेत आणि संध्याकाळची जपमाळही चुकवायची नाही. हात पिठात, माळ धरणार कशी? म्हणून तू भाकरीलाच मणी केलंस. एका भाकरीला एक नमो मारिया, जशी एका मण्याला एक. थापता थापता तू पहिलं अर्धं म्हणतेस, तिला हाक मारणारं, थापण्याच्या आवाजावर. भाकर थापून झाली की थांबतेस. मग माझं अर्धं, मागणारं: आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. मी सुरू केलं की तू भाकर उचलून तव्यावर टाकतेस, वरून पाण्याचा हात फिरवतेस. माझं आमेन झालं की पुढचा गोळा. मी कधी पेंगलो तर भाकर परातीतच पडून राहायची आणि तू म्हणायचीस, "म्हन ना रे, भाकर वाट पाहून राह्यली." मग मी दचकून म्हणायचो. कधी कधी घाईत दोनदा म्हणायचो.

मरणाचं रोज मलाच का म्हणायला लावतेस, असं मी एकदा कुरकुरत विचारलं होतं. मरण म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं, पण शब्द तोंडात धरायला नको वाटायचा. तू भाकर उलटवत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी तिले हाक मारतो. मागाचं ते लेकरानं मागाव. मायले लेकराचं लवकर आयकू येते." पुढे फादर व्हायला सेमिनरीत गेलो, तिथे मी मारियामातेवर जाडजूड पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, मार्कही बरे पडले. पण मागणारानं का मागायचं आणि ऐकणारीनं का ऐकायचं, हे मला तिथे कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नाही. सिस्टरला तू फार आवडली असतीस.

सेमिनरीतून पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा मी भलताच शिष्ट झालो होतो. बूट घालून स्वयंपाकघरात आलो. तू 'किरपा' म्हणालीस आणि मी मध्येच थांबवलं, माय, किरपा नाही, कृपा. तू थापणं थांबवलंस आणि मला चांगलं खालून वर न्याहाळलंस. "तुह्या देवाले समजत नसन," तू म्हणालीस, "माह्या मायले समजते. बूट काढ आधी." मावशी, तुझ्याबरोबर स्वयंपाकाला होती ती, तोंडाला पदर लावून हसत राहिली. त्याच सुट्टीत मी तुला नागपूरहून पांढऱ्या मण्यांची जपमाळ आणली होती. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस, डोळ्यांना लावलीस, मारियामातेच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवलीस आणि पुन्हा कधी खाली काढली नाहीस. पिठाचे हात असतात, मळेल म्हणायचीस. तुझ्या बोटांत ती पहिल्यांदा मीच गुंफली, आणि तेव्हा त्यांना पीठ नव्हतं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधीची गोष्ट.

आता मी का अडलो आहे ते सांगतो. प्रवचनात एखादी घरची गोष्ट घातली की लोक जागे राहतात, हा माझा अनुभव. म्हणून यंदा तुझी भाकरीची जपमाळ सांगायची असं मी ठरवलं होतं. गोष्ट मला पाठच होती, पण मी सेमिनरीत गेल्यावर तू ती कशी म्हणायचीस, तेवढं विचारावं म्हणून गेल्या आठवड्यात मावशीकडे गेलो. ती आता मुलाकडे असते, चर्चपासून दोन वळणांवर. डोळे जवळजवळ गेले आहेत. चारचौघांत मला फादर म्हणते, घरात कोणी नसलं की अजून पोट्टा म्हणते. सून वावरात गेली होती. मावशीनं मला बाजेवर बसवलं, चाचपत चाचपत पाणी दिलं आणि माझा प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मला वाटलं, विसरली असेल.

"तुही माय अर्धंच म्हने," ती म्हणाली. "चर्चमंदी सगळ्याईसंगं पुरं म्हने, पन चुलीपाशी अर्धंच. मंग चूप राहे. मंग भाकर तव्यावर टाके. म्या इचारलं, काहून अर्धं सोडतं बाई? तं म्हने, ते माह्या पोराचं हाय. तो तिकडे म्हनून राह्यला असन."

मी तिकडे म्हणत होतो, माय, हे खरं. चॅपलमध्ये दोन्हीकडची बाकं एकेक अर्धं वाटून घ्यायची, मी कधी या बाजूला बसून म्हणायचो, कधी त्या बाजूला. पण तू इकडे भाकर थापून गप्प राहतेस आणि त्या गप्प राहण्यात माझे शब्द धरतेस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुट्टीला मी आलो की आपण दोघं म्हणायचो, म्हणून मला ती शांतता कधी ऐकूच आली नाही. सेमिनरीची सगळी वर्षं, आणि पुढे माझी पहिली नेमणूक मेळघाटात झाली तीही वर्षं, तू रोज संध्याकाळी तिला हाक मारत राहिलीस आणि मागायचं माझ्यावर सोडून दिलंस. मी बाजेवर बसून राहिलो. पाण्याचा पेला हातातच होता. मग मावशी म्हणाली, आता इचारलंच हाय तं सांगतो, आणि तिनं ते सांगितलं, जे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि तिनंही आपणहून कधी काढलं नव्हतं.

तू गेलीस तो मे महिना होता. पोरं सुट्टीला गावोगावी गेलेली, बोर्डिंग रिकामं. तेव्हाच्या सिस्टर नागपूरला. मावशी मंगरूळपीरच्या बाजाराला गेली होती. तुला स्वयंपाक एकटीपुरताच करायचा होता. मला मेळघाटात निरोप मिळाला तो रात्र उलटल्यावर, गावातल्या एकुलत्या फोनवरून, आणि मी निघालो. परतवाडा, अमरावती, कारंजा, मंगरूळपीर, दर ठिकाणी गाडी बदलत. त्या प्रवासात मी प्रार्थना केली नाही. खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी वावरं बघत होतो, आणि मला नुसतं एवढंच वाटत होतं की पोचलो की तू विचारशील, जेवला का. पोचलो तेव्हा लोक थांबले होते. तुझी मिस्सा मी केली, माती मी दिली. आवाज कापला नाही. फादरनं मोठ्या धीरानं केलं, असं सगळे म्हणाले, आणि ते ऐकून मलाही त्या दिवशी थोडं बरं वाटलं. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले होते. चुलीपाशीच सापडली, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढे मी विचारलं नाही.

मावशी बाजारातून आली तेव्हा तवा चुलीवर तापून लाल झाला होता. तू भिंतीला टेकून कलंडली होतीस. आणि परातीत एक भाकर थापून ठेवली होती. उचललेली नव्हती. मावशी म्हणाली, कडा वाळून गेल्या व्हत्या रे तिच्या. एवढं सांगून तिनं डोळे पुसले, आणि मी पेला खाली ठेवला.

नुसत्या थापलेल्या भाकरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तुला चक्कर आली असेल. कळ आली असेल. तुझा हात उचलला गेला नसेल. तर्कानं चालायला मला शिकवलं आहे आणि मी इतरांच्या घरी जाऊन हेच बोलतो, मनाला लावून घेऊ नका, काही कळलंही नसेल त्यांना. पण माय, मला तुझं काम माहीत आहे. भाकर थापून झाली म्हणजे तुझं अर्धं म्हणून झालं होतं. भाकर उचलली नव्हती म्हणजे तू थांबली होतीस. तू हाक मारलीस आणि मग माझ्यासाठी जागा सोडलीस. मरणाच्या वेळी विनंती कर, एवढंच म्हणायचं राहिलं होतं, आणि ते माझं होतं. मी त्या वेळी काय करत होतो ते मला आठवत नाही. एक साधी मे महिन्यातली दुपार होती. कदाचित जेवून पडलो असेन.

तेव्हापासून मी प्रवचन लिहायला बसतो आणि उठतो. मारियामातेबद्दल सांगायचं ते सगळं मला येतं. ती क्रुसाखाली उभी राहिली, लेकाचा जीव जाताना पाहिला, जागची हलली नाही, म्हणून मरणाच्या वेळी तिलाच बोलवायचं. हे वाक्य मी किती घरांत म्हटलं असेन. परवा ते लिहिलं आणि खोडलं. तिच्या लेकाजवळ ती होती. आपलं उलटं झालं.

आता थ्रेशर थांबलं आहे. माणसं भाकरीची फडकी सोडून बसली असतील. थोड्या वेळानं घरी जातील, हातपाय धुतील, कपडे बदलतील आणि चर्चला येतील. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बसतात. त्यांची पोरं पुण्याला, सुरतेला, कोणी सैन्यात. घरी एकट्याच असतात आणि एकट्याच जपमाळ म्हणतात. मी त्यांना आज एवढंच सांगणार आहे की बायांनो, घरी एकट्या असाल तर दोन्ही अर्धी तुम्हीच म्हणा. कोणासाठी सोडून ठेवू नका. पुरी म्हणा, मग भाकर तव्यावर टाका. बस. पाच मिनिटंही लागणार नाहीत. सिस्टर मिस्सेनंतर विचारील, फादर, हे काय होतं, आणि मी म्हणेन, थोडक्यात आटपा असं तुम्हीच म्हणाला होतात. तुझं नाव मी घेणार नाही. गोष्टही सांगणार नाही. लोकांना जागं ठेवायला ती आता मला वापरवत नाही.

आणि कोणी विचारलं तर सांगेन की मरणाच्या वेळी ती येतेच, कोणी अर्धं म्हटलं असलं तरी येते. हे मी मानतो, माय. मानत नसतो तर हा झगा कधीच उतरवून ठेवला असता. तू हाक मारलीस आणि ती आली, त्या भिंतीशी बसली, तुझं डोकं मांडीवर घेतलं, याबद्दल मला शंका नाही. मावशीला मी तेच सांगून आलो आणि ती निवांत झाली. मी नाही झालो. आता घंटा वाजेल आणि हा कागद मी चुलीत घालेन, तेव्हा इथे म्हणायला हरकत नाही. आज मी जिच्याबद्दल बोलायला उभा राहणार आहे, तिचा मला हेवा वाटतो. तुझ्या मरणाच्या वेळी तुझ्याजवळ ती होती, आणि मी नव्हतो.