तानूबाईंना कसं वाटतंय

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

झालं, आजपासून नवं खूळ! सिस्टरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला — फील. उद्यापासून आम्ही शिकाऊ नर्सनी प्रत्येक खाटेपाशी उभं राहून आधी विचारायचं, हाउ डू यू फील. ताप, नाडी नंतर. "हाउ आर यू विचारलंत तर पेशंट फाइन म्हणून मोकळा होतो. मला आतलं हवंय." पेशंटला कळेल त्या भाषेत विचारायचं, उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं. सिस्टर मंगळूरच्या. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते.

हेही फीलच की! आपल्याला भीती वाटते, थंडी वाजते, भूक लागते, पोटात ढवळतं. इंग्रजांचं सगळं एका फीलमध्ये भागतं. पोट दाबून बघितलं तरी फील, माहेर आठवून रडू आलं तरी फील. काटकसरी लोक.

आमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं आठवत नाही. अप्पा वर्कशॉपातून आले की आई म्हणते, पानं घेऊ काय? त्यातच सगळं आलं.

७ फेब्रुवारी

बायकांचा वॉर्ड माझ्याकडे. पहिल्या खाटेवर दुर्गव्वा. तिला कानडीत विचारलं, हेंग अनस्तद? म्हणाली, "एनिल्ल बिडव्वा, चा तगोंड बा." काही नाही होत, चहा आण. हे इंग्रजीत काय लिहू? फील्स टी?

शेजारी तानूबाई. अळणावरकडच्या. गोठ्यात घसरून नडगी मोडली. पाय प्लास्टरमध्ये आहे, पण तोंडाला कुणी प्लास्टर घातलेलं नाही! अख्ख्या वॉर्डाला म्हशींची नावं पाठ झालीत. मी मऊ आवाजात मराठीत विचारलं, "कसं वाटतंय?" — आणि बाई एकदम गप्प. माझ्याकडे बघतच राहिल्या.

मी लिहिलं, फील्स क्वाएट. सिस्टरांनी त्यावर लाल रेघ मारली.

८ फेब्रुवारी

अप्पांनी आज पुन्हा ऐकवलं. अठरा तारखेला सिस्टर निकाल देणार. नोकरीला पक्की झाले तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात बेळगावचं स्थळ. त्या स्थळाच्या फोटोत आधी मिशा दिसतात, मग तो. मला नर्सच व्हायचंय. देवाशप्पथ लिहिणार होते, पण देवाचं नाव असं उठसूट घेतलेलं अप्पांना खपत नाही. शपथ नुसतीच.

९ फेब्रुवारी

तानूबाईंना आजही विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "मला एक लेक बी हाय. किस्नी. रायापुरात ऱ्हाती."

रायापूर म्हणजे इथून बसने अर्धा तास. मग येत का नाही? तर ह्या किस्नीने, म्हणजे कृष्णाबाईने, आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा ह्याच बोलल्या — माझं मेलेलं तोंड बघायलाही येऊ नकोस. पाय मोडल्यावर मुलगा धोंडिबा स्वतः जाऊन बोलावून आला. ती म्हणाली, आईनं सांगितलंय तसंच करणार. आईचीच लेक ती! मला बाईंचा राग आला आणि कीवही आली.

११ फेब्रुवारी

आज विचारल्यावर तानूबाईंनी माझा हात गच्च धरला. "खरं सांग पोरी, डागदर काय म्हनला?"

"हाड छान बसतंय म्हणाले."

"पायाचं नगं सांगूस." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. धोंडिबाला बोलावून घेतलं — सगळ्यांना आन, माझं काय खरं न्हाई.

मी लिहिलं, फील्स सॅड. आज लाल रेघ नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

अरे देवा! (अप्पा, माफ करा.)

टेम्पो भरून माणसं आली. एकीने तुळशीचं पान आणलं, एकाने गंगेची बाटली. मी डोस द्यायला गेले तर नडगी मोडलेल्या बाईच्या तोंडात थेंब थेंब गंगा चाललेली! दुर्गव्वा घाबरून भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि सगळ्यांना ढकलत एक बाई आत घुसली, खाटेवर डोकं टेकून हंबरडा फोडला. कृष्णाबाई.

तेवढ्यात सिस्टर आल्या. हू इज डाइंग? कुणीच नाही! डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना सांगितलं, पाय सोडला तर बाई ठणठणीत आहेत. मग धोंडिबा माझ्यावर उखडला. "आमच्यात कसं वाटतंय, असं मऊ आवाजात कधी इचारतात, ठावं हाय? मानूस जायला लागलं की! ही बाई रोज उठून इचारतीया!"

मेले मी. सिस्टर फक्त म्हणाल्या, शनिवारी बोलू.

१५ फेब्रुवारी

वॉर्डातल्या पोरी मला यमाची नर्स म्हणतात. म्हणू देत.

कृष्णाबाई रविवारी जाम चिडली होती, फसवून आणलंत म्हणून. पण गेली नाही. रोज डबा घेऊन येते. मायलेकी दिवसभर भांडतात — भाजीत मीठ कमी, नातवाचं नाव असलं कसलं ठेवलं! भांडता भांडता ती आईची वेणी घालते. मला बघून फार बरं वाटतं. शनिवार आठवला की डोसाच्या गोळ्या दोनदा मोजते.

१८ फेब्रुवारी, शनिवार

तानूबाईंना सुटी मिळाली, रायापूरलाच जाणार. उशी काढायला वाकले तर कानाशी म्हणाल्या, "त्या दुर्गव्वाला बी तू तेच इचारत हुतीस. ती कुटं मरतीया? मला कळत न्हवतं व्हय? पाय मोडला म्हनून किस्नी आली न्हाई. मरतीया म्हटल्यावर आली. तिला ह्यातलं काय सांगू नगंस."

मी उशीला अभ्रा उलटाच घातला.

पाच वाजता सिस्टरांनी बोलावलं. तुझ्या बाजूने काही सांगायचंय? कृष्णाबाई तिथेच होती, सुटीच्या कागदावर अंगठा उठवत.

मी म्हटलं, "नाही सिस्टर. चूक माझीच."

पक्की नाही झाले, तीन महिने उमेदवारी वाढली. आता घरी जाऊन अप्पांना सांगायचंय.