उपाशी पोटी जेवणाची प्रार्थना

जालना, बुधवार

प्रिय मम्मी,

जालन्याहून तुझ्या सुवार्ताचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. पप्पांचा खोकला थांबला का?

काल वॉर्डात जे झालं त्यातून मी अजून सावरले नाही. टेंभुर्णीची दैवशाला, माझ्याच वयाची. पित्ताशयातल्या खड्यांचं साधं ऑपरेशन होतं. थिएटरच्या दारात तिनं माझा हात धरला. "सिस्टर, भेव वाटून राह्यलं. तुमच्या देवाला माझ्यासाठी काही म्हना ना."

देवानं दिलेली संधी दवडू नकोस, असं तू लहानपणापासून सांगत आलीस. ती आली, आणि मी? डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "प्रभू, पुढे ठेवलेलं हे अन्न आशीर्वादित कर."

ती फिसकन हसली. "सकाळपासून पान्याचा घोट न्हाई मला, अन् तुम्ही जेवायला वाढून राह्यल्या!" हसतच आत गेली.

बाहेर आली की नीट प्रार्थना करू, असं मी ठरवलं. पण गुंगीतच तिचं हृदय थांबलं.

तिच्या सासूनं, तुळजाबाईंनी, विचारलं, "आत जाताना काय म्हनली माझी दैवशाला?" मी सगळं खरं सांगितलं, ती हसत आत गेली हेही. त्या म्हणाल्या, "घरून रडत आल्ती, बाई."

मम्मी, उद्या आणखी एका बाईचं ऑपरेशन आहे. तिनं बोलावण्याची वाट मी बघणार नाही. आत्ताच जाऊन तिच्याजवळ बसते.

तुझीच,
सुवार्ता