करंगळीचं माप

ग्रोहोल्मेन बेट,
१० सप्टेंबर १९८४

ती. सॉल्वीताईस,
धाकट्या ओसेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितेय, तेव्हा आधी कान धरते. कारण पाळण्यात आहे. यूस्टाइन सव्वा महिन्याचा झाला, नवरोबा टोर्लाइफ बोटीवर, आणि आई घरात आहे म्हणून मी उभी आहे. फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोन स्वयंपाकघरात, आणि मी एक वाक्य बोलले की आई मागून दोन दुरुस्त्या सुचवते.

कामाचं सांगते. माझ्या टिरिलच्या ऑपरेशनची तारीख आली. मंगळवार, सोळा ऑक्टोबर, तुझ्याच हॉस्पिटलात. टॉन्सिल आणि नाकामागची वाढलेली गाठ, दोन्ही काढायचंय. इथल्या डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारली आणि म्हणाले की दोन चेरी एकमेकींना टेकल्यात, मधून पोरगी श्वास घेते कशी हेच नवल. ते हसत म्हणाले, मला काही हसू आलं नाही. ताई, तिचं घोरणं बाहेर मेंढ्यांना ऐकू जात असेल, पण घोरणं परवडलं. ते मधेच थांबतं. छाती हलते आणि आवाज नसतो. मी मोजत बसते. परवा अकरापर्यंत मोजलं, तेव्हा कुठे तिने आचका देऊन श्वास घेतला. पाच वर्षांची झाली, तरी चौथ्या वर्षीचे कपडे अजून होतात.

आई मात्र निर्धास्त. सप्टेंबर लागला, कॉड माशाच्या तेलाचा चमचा सुरू झाला, आता पोर बाळसं धरेल असं तिचं म्हणणं. तुला माहीतच आहे, सप्टेंबर ते एप्रिल रोज सकाळी उठल्याबरोबर एक चमचा. बाबांना पुरायचं होतं त्या सकाळीसुद्धा तिने आपल्या दोघींना ओळीत उभं करून तोंड उघडायला लावलं होतं. आता टिरिल नाक धरते, डोळे मिटते आणि गिळते.

तान्ह्याला सोडून मला येता यायचं नाही. आई तिला घेऊन तुझ्याकडे उतरेल. माझं एकच मागणं आहे, भूल देताना तू तिथे असावंस. परक्या माणसाने तिच्या तोंडावर मास्क ठेवायचा आणि मी इथे बटाटे सोलायचे, हे मला झेपणार नाही. नाही म्हणू नकोस.

माया आहेच, तिची उलटटपाल लवकर येऊ दे.

तुझी,
ओसे

*

बर्गन,
१७ सप्टेंबर १९८४

चि. ओसे हीस,
अ. उ. आ.

नाही म्हणू नकोस म्हणालीस, तरी अर्धं नाही म्हणावंच लागतंय. घरच्या पोराला भूल देताना घरच्या माणसाने उभं राहायचं नाही, असा आमचा नियम आहे. हात कापतो म्हणून नव्हे. घरचं माणूस सगळं नीटच होणार असं आधीच मनात धरून चालतं, म्हणून. भूल डॉ. हेग्दाल देतील. बाई बोलायला रुक्ष, पण वीस वर्षं मुलांनाच भूल देताहेत. त्यांच्या मदतीला बूडिल असेल, माझ्यासारखीच भुलीची नर्स. मी दारापर्यंत टिरिलचा हात धरून जाईन.

मूल झोपलं की भुलीचं काम संपलं असं लोकांना वाटतं, खरं तर आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. जीभ मागे पडते, घसा सैल होतो, आणि लहान मुलाची श्वासाची वाट मुळातच अरुंद. तुझ्यामाझ्या घशाला जी सूज कळणारही नाही, तेवढ्याने त्यांची वाट बुजते. म्हणून आत नळी घालून वाट उघडी ठेवायची. तर तुला काम सांगते. टिरिलची करंगळी कागदावर ठेव आणि भोवती पेन्सिल फिरवून तो कागद मला पाठव. ज्या जाडीची करंगळी, त्या जाडीची नळी मुलाला बहुधा बसते. वयावरून हिशेबही करतात, पण जुन्या बायकांची ही रीत मला जास्त पटते. शिवाय दात बघ. एखादा दुधाचा दात हलत असेल तर सांग, नळी घालताना तो सुटून आत जायला नको.

आता सर्दीचं. गेल्या हिवाळ्यात एका बेटावरून एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाचं नाक वाहत होतं आणि बाप बोटीत सबंध वाटभर ते हातमोज्याने पुसत आला, कारण परत पाठवलं तर वसंतापर्यंत तारीख नाही. आम्हाला म्हणाला, सर्दी नाही. भूल चढता चढता पोराचा घसा आवळला. आतली दोन दारं घट्ट मिटली, छाती उडतेय आणि हवेचा कण आत जात नाही. वाचला तो. बापाला मात्र खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं. तेव्हा टिरिल नुसती शिंकली तरी तारीख पुढे ढकल, मी रागावणार नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. त्या दिवशी पोट रिकामं हवं. झोपेत पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या वाटेत उतरतं. आदल्या रात्रीपासून काही खाणं नाही, काही पिणं नाही. हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखव. दोनदा.

बाळाला पापा. काळजी वाटून घेतली की हलकी होते म्हणतात, तुझा वाटा पाठवत राहा.

तुझी,
सॉल्वी

*

ग्रोहोल्मेन,
२८ सप्टेंबर १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत करंगळी. पहिला कागद वाया गेला, कारण पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या आणि बोट हललं. दुसरा बरोबर आहे. मग तिने यूस्टाइनची करंगळी काढली, मांजराचा पंजा काढला, आणि मावशी माझं बोट परत देईल ना असं विचारलं. देईल म्हटलंय.

दात एकही हलत नाही. शेजारच्या मुलाचे दोन हलतात म्हणून बाईसाहेब रुसल्यात. सर्दी नाही आणि मी येऊही देणार नाही. परवा गावातली आल्फहिल्ड मुरंबा घेऊन आली आणि ओसरीत शिंकली. मी दार उघडलंच नाही, बरणी खिडकीतून घेतली. आता गावात माझं नाव झालं असेल.

तुझं वाक्य आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला राग आला. म्हणाली की लढाईच्या दिवसांत तिने उपासात दोन मुली वाढवल्या, एक सकाळ पोर उपाशी ठेवायला तिला शहाण्यांनी शिकवायला नको. पाण्याचा थेंब देणार नाही, तुकडा देणार नाही, असं तिने बायबलवर हात ठेवल्यासारखं सांगितलं. आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, तेवढी चिंता मिटली.

बाकीच्या काही मिटत नाहीत. काल चौदापर्यंत मोजलं. त्या बापाची गोष्ट तू लिहायला नको होतीस ताई, आणि लिहिलीस हे बरं केलंस. सोळा तारखेला सकाळी मी फोनपाशी बसेन.

तुझ्या हातांवर माझा जीव ठेवला आहे, सांभाळून घे.

तुझी,
ओसे

*

बर्गन,
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९८४

चि. ओसे हीस,
अ. उ. आ.

टिरिल बरी आहे. वॉर्डात आहे, सरबताचा बर्फ चोखतेय आणि माझ्यावर रागावलीय. हे दुपारी फोनवर सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पण सगळं सांगितलं नाही, कारण आई माझ्या शेजारी उभी होती. आता ती वॉर्डात गेलीय, म्हणून लिहिते. हे पत्र एकटी असताना वाच.

बूडिल सकाळी तापाने पडली आणि तिच्या जागी उभं राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. डॉ. हेग्दालांनी नियम आठवून मान हलवली आणि मला आत घेतलं. टिरिल टेबलावर शहाण्यासारखी पडली. मास्क म्हणजे फुगा, असं आधीच ठरलं होतं, त्याप्रमाणे तिने फुगा फुगवला. सहाव्या फुंकरीला झोपली. मी हनुवटी वर उचलली, तिच्या तोंडाशी वाकले, आणि ओसे, मला आपल्या स्वयंपाकघराचा वास आला. कॉडच्या तेलाचा.

मी ओरडलेच की पोट रिकामं नाही. तेवढ्यात ती खोकली, तोंडात तेल आलं आणि घसा आवळला. त्या पोराचा आवळला होता तसाच. छाती उडत होती, मास्कची हवेची पिशवी दाबली तर भिंतीवर दाबल्यासारखी लागत होती. ओठ निळे पडले. डॉ. हेग्दाल एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. टेबलाचं डोकं खाली केलं, पोरीला कुशीवर वळवलं, मी तोंडातलं सगळं ओढून काढलं. मग त्यांनी जबड्यामागे दोन्हीकडून जोराने दाबून धरलं आणि मास्क घट्ट बसवून नुसता ऑक्सिजन. उघडेना. स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. तिची नाडी माझ्या बोटाखाली मंद व्हायला लागली होती. मग घसा सुटला. तुझ्या कागदावरून काढलेली नळी मी पुढे केली, ती जरा जाड पडली. शेजारी एक बारीक आणि एक जाड काढून ठेवलेलीच असते, त्यातली बारीक बसली. छातीला कान लावला तर दोन्हीकडे हवा स्वच्छ. घड्याळात हे सगळं दीड मिनिट होतं.

पुढचं नेहमीसारखं झालं. छातीचा फोटो चांगला आहे. तरी तेल फुप्फुसात गेलं असेल तर ताप उद्या-परवा येतो, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलंय. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटतेय.

घरी आले तर मोरीपाशी चमचा धुऊन पालथा ठेवलेला, आणि बाटली खिडकीत. काल संध्याकाळी आईने पिशवीतून ती बाटली काढून तिथे ठेवली तेव्हा मी समोर बसले होते. बघितली आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. आपल्या घरात ती बाटली मिठासारखी, तिच्याकडे कोण बघतं? आई खोटं बोलली नाही. नर्सने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, खाणं नाही, पाण्याचा थेंब नाही. तेल तिच्या लेखी खाणंही नाही आणि पिणंही नाही. मी लिहिलेलं वाक्य तिने शब्दशः पाळलं. चूक माझ्या वाक्यात होती.

तिला सांगू नकोस. बाहत्तर वर्षांच्या बाईने हे कुठे ठेवायचं? मी आज तिच्या हातचं माशाचं सूप दोनदा वाढून घेतलं.

धीर धर, आणि थोडा मलाही पाठव.

तुझी,
सॉल्वी

*

ग्रोहोल्मेन,
२३ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारच्या बोटीने आलं. ताप आला नाही, हा तुझा फोन त्याच्या आदल्या दिवशी आला नसता तर मी ते पत्र वाचताना तिथेच बसले असते. तरी गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

त्या दोघी शनिवारी उतरल्या. टिरिल आवाज बसलेला असतानाही अखंड बोलत होती. मी आईचा हात धरून तिला बोटीतून उतरवलं आणि तोंडाकडे बघू शकले नाही. आधी संताप आला, फार आला. मग तिने पिशवीतून मला तुझ्या बेकरीतला बन काढून दिला, रुमालात बांधून आणलेला, आणि संताप कुठे ठेवावा कळेना. गप्प राहिलेय. पण ताई, गप्प राहणं मला जमत नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे. रविवारी सकाळी तिने बाटली काढली नाही.

दीड मिनिटाचं ऋण शब्दांनी फिटत नाही, म्हणून मोजे विणायला घेतलेत.

तुझी,
ओसे

*

ग्रोहोल्मेन,
४ नोव्हेंबर १९८४

चि. सॉल्वी हीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. लिहिते त्या अर्थी बसून वाच.

ओसेने मला काही सांगितलं नाही. शनिवारी ती माझ्याकडे न बघता माझ्याशी गोड बोलली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. ती गोड कधी बोलत नाही. मग टिरिलला अंथरुणात घालताना ती म्हणाली की मावशीने वॉर्डात विचारलं, सकाळी आजीने काय दिलं, तर मी सांगितलं तेल, आणि मावशी रडली. एवढंच. पण तुझं ते वाक्य ओसेने मला, त्याच्या आधीच्या वाक्यासकट, दोनदा वाचून दाखवलं होतं. पोटातलं वर येतं आणि श्वासात उतरतं. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. पुढचं माझं मीच जुळवलं.

मी तुमच्यावर रागावले आहे. माझ्या सुपाची स्तुती करून तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस, आणि मला वाटलं माझ्या लेकीला सूप आवडलं. मी नवरा पुरला, लढाई काढली, आणि माझ्या हातून काय झालं हे ऐकायला मला अशक्त ठरवलंत. पुन्हा असं करायचं नाही.

राग सांगून झाला. आता दुसरं. मी त्या सकाळी चमचा भरला तेव्हा मनात आलं होतं, आज नको का? मग म्हटलं, आजच तर पोरीला अंगात बळ हवं. सॉल्वी, मी तिला बळ देत होते. मला ते रोज सकाळी आठवतं, त्या चमच्याच्या वेळेला.

तुमच्या हॉस्पिटलातून छापील कागद येतो, त्यावर लिहिलंय खाणं नाही, पिणं नाही. त्यात तेल घाला. कॉडचं तेल नाही, असं स्पष्ट नाव घेऊन. किनाऱ्यावर माझ्यासारख्या घरोघर आहेत. नाव घेतल्याशिवाय आम्हाला ऐकू येत नाही. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, ज्या आजीने दिलं तिनेच सांगितलंय. माझं नाव सांगायला माझी हरकत नाही.

पोरगी छान आहे. पाव मागून खाते. घोरणं गेलं ते साफ गेलं, आणि आता घरात कुणाला झोप नाही. इतकी वर्षं त्या आवाजावर आम्ही झोपलो, तो नाही तर ओसे दचकून उठते, मीही उठते, आणि आम्ही दोघी पलंगाशी एकमेकींवर आदळतो. बाटली मी अजून उघडली नाही. एप्रिलपर्यंत उघडेनसं वाटत नाही. ओसे म्हणते दे, नेहमीच्या दिवशी काही होत नाही. माझा हात होत नाही.

ओसेला काल मी परत झोपायला पाठवलं आणि म्हटलं, तू मोजू नकोस, मी बघते. मला मोजता येत नाही अंधारात. मी आपली करंगळी पोरीच्या नाकाखाली धरून बसते. ऊन ऊन श्वास लागतो बोटाला, जातो, परत लागतो. तेवढं मला पुरतं.

तब्येतीला जप. आशीर्वाद तर आहेतच, पण यापुढे खरं सांगत जा, म्हणजे ते वाया जाणार नाहीत.

तुझी आई,
गुनवोर