मामांच्या ड्रममधलं ऑईल

प्रिय अहो,

उद्या मी तुमच्याबद्दल वाईट बोलणार आहे. चारचौघांत नाही, पांडूमामांच्या ओटीवर, मामींच्या देखत. तुमच्या माघारी तुम्हाला नावं ठेवायची आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही, हे मला बरं वाटेना. म्हणून आधी तुम्हालाच लिहितेय. माझं ऐकायची सवय तुम्हाला नव्हती, पण आता मध्येच उठून जाता येणार नाही. वाचा.

जळगाव सोडून कुंभवलीला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी कारखान्यांच्या वासाने मी नाकाला पदर लावला होता. तुम्ही म्हणालात, वासाची सवय होईल. झाली. माणसांचीही झाली, आणि त्यात पहिली माणसं म्हणजे मामा-मामी. मामा तुमच्या कंपनीच्या मेंटेनन्समधले जुने फिटर. पाना कसा धरायचा इथपासून त्यांनी तुम्हाला शिकवलं. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या वाडीतली पहिली पपई आपल्याकडे यायची, आणि आपली सई त्यांना आजोबाच म्हणते.

खंडेनवमीला तुमच्या कंपनीत मशीनची पूजा व्हायची. नारळ फुटला की शेडबाहेर सगळ्यांच्या मोटरसायकली धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या. मग मामा ड्रम उघडायचे. मोठ्या मशीनच्या गिअरबॉक्सचं ऑईल, मधासारखं सोनेरी. गाडीतलं थोडं जुनं काळं ऑईल काढायचं आणि मामांच्या हातचं नवं भरायचं. प्रसादच म्हणायचात त्याला तुम्ही सगळे. "येवड्या मोट्या मशीनला चालतंय, तुमच्या फटफटीला नाय चालनार?" असं मामा विचारायचे, आणि सगळे हसायचे. तुम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही का, की फटफटीचं इंजिन वेगळं असतं?

बाकीच्यांच्या गाड्यांत मामा थोडी भर घालायचे. कुणाचा क्लच धरेनासा व्हायचा, तो प्लेटा बदलून मेकॅनिकला शिव्या द्यायचा. तुम्ही लाडके. गेल्या वर्षी मात्र तुमच्या गाडीत मामांनी तेच ऑईल भरलं, पूर्णच्या पूर्ण.

त्यानंतर बोईसरच्या पुलावरची ती संध्याकाळ. सई मध्ये, मी मागे. गाडी नुसती बोंबलत होती, चढत नव्हती. मी म्हटलं, अहो, काहीतरी बिघडलंय. तुम्ही म्हणालात, "बिघडलं काही नाही, तू जाड झालीस." सई किती हसली होती. मीही हसले. आता ते आठवलं की तुमच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटतो.

तरी मी हट्ट धरला आणि आपण बेटेगावच्या मेकॅनिककडे थांबलो. त्याने ऑईलची काडी बाहेर काढली, दोन बोटांत तेल चोळून बघितलं. "भैया, ये किसने डाला? क्लच की प्लेट इसी तेल में डूबी रहती है. ये ज्यादा चिकना है, प्लेट पकड़ेगी नहीं. आज ही निकलवा दो." मोटरसायकलच्या इंजिनाला आणि क्लचला एकच ऑईल असतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळलं असणार, नाही का? तुम्ही तर फिटर.

"अगले संडे," तुम्ही म्हणालात आणि किक मारलीत.

पुढच्या रविवारी तुमचा ओव्हरटाईम. त्यापुढच्या रविवारी पालघरला साखरपुडा. मग मी विचारलं तर म्हणालात, एवढं सोन्यासारखं ऑईल, आता कुठे भरलंय, टाकून कसं द्यायचं? मी आणखी दोनदा म्हटलं असेल. तुम्ही चिडलात, मी गप्प बसले. नवरा-बायकोत हे असंच चालतं, त्यात नवल काय? माणूस मरेल असं कुणाला वाटतं?

आणि मग एकदा पालघरहून येताना तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करायला निघालात. तुमचा भाऊ संजय मागच्या रिक्षात होता, त्याने सगळं बघितलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो एकच सांगत होता. "वहिनी, दादाने रेस दिली. गाडी नुसती ओरडली, पुढे सरकलीच नाही. समोरून टँकर आला." पोलिसांनी लिहिलं, भरधाव वेग. वेग कुठला? वेग असता तर तुम्ही ट्रकच्या पुढे निघून गेला असतात. ते वाचलं तेव्हाच मला सगळं समजलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. येणारा जाणारा म्हणत होता, किती जपून चालवायचा बिचारा. सई ते ऐकत होती. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे, असं वाटलं.

राहिलं असतंही. पण संजयने यंदा दसऱ्याच्या तोंडावर जुनी गाडी घेतली. कंपनीतले लोक मला पूजेला घेऊन गेले, वहिनी, यायचंच म्हणून. तुमचा फोटो मशीनजवळ ठेवला होता, त्यालाही झेंडूची माळ. आणि मामा नरसाळं घेऊन संजयच्या गाडीजवळ आले. "आज पैला मान हिचा. माज्या पोराचा भाव हाय तो." त्यांचे डोळे भरले होते.

मी पुढे झाले आणि ऑईलच्या भोकावर हात ठेवला.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सांगून टाकलं. हे ऑईल मोटरसायकलचं नाही, याने क्लच धरत नाही, म्हणून त्या दिवशी यांची गाडी पुढे गेली नाही. मामांनी नरसाळं खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "मंजी माज्या तेलानं गेला काय गो तो?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ड्रमचं झाकण उघडंच राहिलं असतं, आणि संजयच काय, रांगेतल्या सगळ्यांच्या गाड्या भरल्या गेल्या असत्या. मी हो म्हटलं.

संजयला तसंच बोईसरला नेलं, जुनं ऑईल आधीच काढलेलं म्हणून गाडी ढकलत. ऑईलच्या दुकानात भिंतभर बाटल्या. मालकाने कारची बाटली पुढे केली, "ये भी चलेगा." नाही चालणार म्हटलं. मोटरसायकलची मागितली, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरची. मागे बारीक अक्षरात 'एमए' छापलंय का ते बघितलं. क्लच त्याच ऑईलमध्ये असतो त्या गाड्यांसाठीची ती खूण, मी आता विचारून घेतलीय. बाटली हातात घेऊन मी तिथेच रडले. एवढं सोपं होतं, अहो. एक बाटली फिरवून बघायची होती.

परवा मामी आल्या. मामा कामावर जात नाहीत. दाढी केलेली नाही, जमिनीवर झोपतात, एक वेळ जेवतात, तेही अळणी. "तुज्या नवऱ्याचं सुतक धरलंन त्यानं," मामी म्हणाल्या. "मी म्हनलं, सुतक कवाच फिटलं, तर म्हनतो, माजं आता लागलं. बायो, मी त्याला इहिरीवर एकट्याला जाऊ देत नाय." मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मी जाणार आहे. मामांना सांगणार आहे की त्यांना माहीत नव्हतं, आणि तुम्हाला माहीत होतं. बेटेगावला तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, मी बाजूला उभी होते, आणि तुम्ही आज-उद्या करत राहिलात. मेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. पण मग जिवंत माणसाने किती सोसायचं? तुम्हाला सांभाळून घ्यायचं म्हणून त्या म्हाताऱ्याला विहिरीच्या काठावर बसवू का मी?

तुम्ही वाईट नव्हतात. फार चांगले होतात, म्हणून तर जीव तुटतो. सईची वेणी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली घालायचात. पण चांगल्या माणसाचाही आळस आळसच असतो.

सईला आज दुपारी सांगितलं. तिने ते दुसऱ्या कुणाकडून ऐकावं असं मला नको होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मेकॅनिक काकांनी सांगितलं होतं, तू सांगितलं होतं, मग पप्पांनी का नाही ऐकलं? आम्ही आठवलो नाही का त्यांना?"

मी तिला काय सांगायचं? तुम्हाला काही सुचतंय का? मला अजून सुचलेलं नाही, आणि उगाच काहीतरी रचून मी तिला सांगणार नाही.

मामांकडेही खोटं बोलणार नाही, एवढा शब्द देते. तुमचं वाढवून सांगणार नाही आणि झाकूनही ठेवणार नाही. त्यांचा अजाणतेपणा त्यांच्याकडे, तुमच्या वाट्याचं तुमच्याकडे. जे जिवंतपणी पुढच्या रविवारवर ढकललंत, ते आता उचला. तुम्हाला आता काय जड? मामांना अजून जेवायचंय, कामावर जायचंय, सईचे आजोबा व्हायचंय.

तुमचीच, आणि तुमच्यावर रागावलेली,
वर्षा