हाडातला गर

नागपूर, सप्टेंबर १९८५

सुगत, जय भीम.

तू भिलाईहून पाठवलेलं कात्रण मी डॉक्टरले दाखवलं. अमेरिकेत एका पोरीले दुसऱ्याच्या हाडातला गर दिला अन् तिचा सिकलसेल, माझ्यासारखाच रक्ताचा आजार, गेला, हे खरंच हाय म्हणते. तू लिहिलं, "ताई, माझा घे. मी नोकरी सोडून येतो." लहानपणी माझे पाय चेपता चेपता तू असाच म्हणायचा, अर्धं दुखणं मले दे.

डॉक्टर म्हणाले, "तिला रक्ताचा कॅन्सरही होता, म्हणून एवढा धोका घेतला. आपल्याकडे हे अजून होत नाही. आणि तुमच्या किडन्या आता ते सोसणार नाहीत."

"मग भावाले काय सांगू?" मी विचारलं.

ते म्हणाले, "येऊन भेटून जा म्हणावं."

आईले मी काही सांगितलं नाही. तुलेही हे पत्र टाकणार नाही. दुसरं लिहीन, की डॉक्टर विचार करून राहिले, नोकरी सोडू नको, दसऱ्याले आपण दीक्षाभूमीवर सोबत जाऊ, पण तू आठ दिवस आधीच ये. म्हणजे गाडीत तुले रडू येणार नाही.

तुझीच ताई,
विशाखा